कलाकलाने : पेगन साधनेत तुम्ही चंद्र कसा पाळता?

रानजाई

पेगन साधनेचा, म्हणजे ख्रिस्तपूर्व युरोपातल्या धर्मांवरून प्रेरणा घेणाऱ्या आजच्या पंथांच्या साधनेचा, विषय इथे निघाला की गाडी झाडू, काळं मांजर आणि हॅलोविनपाशी येऊन अडते. म्हणून फक्त चंद्रासाठी हा वेगळा धागा.

नवीन लोकांसाठी थोडी पार्श्वभूमी. विक्का, म्हणजे विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये पुढे आलेला चेटूक मानणारा पेगन धर्म, आणि त्याच्या आजूबाजूच्या पंथांत वर्षाला दोन पदर असतात. एक सूर्याचा : आठ सॅबट, म्हणजे दोन अयनदिन, दोन विषुवदिन आणि त्यांच्या मधले चार सण. दुसरा चंद्राचा : एस्बॅट. बहुतेक ठिकाणी ही पौर्णिमेची बैठक असते, काही जण अमावास्येलाही बसतात. सॅबटला सण साजरा करायचा, एस्बॅटला काम करायचं, अशी ढोबळ वाटणी. काम म्हणजे मंत्रप्रयोग, ध्यान, कुणाच्या आरोग्यासाठी मागणं, ज्याचं जे असेल ते. वर्षात चांद्रमास बसतात १२.३७, त्यामुळे एखाद्या वर्षी तेरा पौर्णिमा येतात, एरवी बाराच. 'वर्षाला तेरा एस्बॅट' असं सरसकट लिहिलेलं दिसतं, ते दर वर्षी जमणारं नाही.

आता माझं म्हणणं. जालावर चंद्रसाधनेचे तक्ते फिरत असतात. आठ कला, प्रत्येक कलेला एक काम नेमून दिलेलं. अमावास्येला संकल्प लिहा, कोर दिसली की पहिलं पाऊल टाका, अर्ध्या चंद्राला अडथळे ओळखा, पौर्णिमेला 'सोडून द्या'. हे पाळणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना 'आज चंद्र कधी उगवणार' असं विचारा, सांगता येत नाही. मोबाइल वाजला की मेणबत्ती लावायची. चंद्र खिडकीत आलेला असतो आणि साधक मोबाइलच्या पडद्याकडे बघत असतो.

मी तक्ता बाजूला ठेवलाय. आकाश मोकळं असलं की चंद्र शोधायचा आणि वहीत एक ओळ लिहायची : किती वाजता, कुठल्या दिशेला, कुठल्या बाजूने उजळलेला, आज मन कसं आहे. विधी दोनच. एक चंद्र दिसेनासा होतो तेव्हा. त्यात काही करायचं नाही, दिवा न लावता बसायचं. दुसरा पौर्णिमेचा. आतून काळं असलेलं खोलगट भांडं घेऊन त्यात पाणी भरते आणि चंद्र पाण्यात येईपर्यंत भांडं सरकवते. वाटतं तितकं सोपं नाही बरं का. चंद्र क्षितिजाजवळ असेल तर भांडं लांब ठेवून जवळजवळ जमिनीला टेकावं लागतं, वर चढला असेल तर भांड्यावर ओणवं व्हावं लागतं, आणि अगदी माथ्यावर असेल तर आपलंच डोकं आड येतं. बिंब सापडलं की पाणी पुरतं थांबेपर्यंत बघायचं, मग बोलायचं ते बोलायचं. इतक्या खटाटोपानंतर बहुतेक वेळा बोलायचं थोडंच उरतं.

तुमची पद्धत सांगा.

खडूस

धागा रोचक. एक शंका. पौर्णिमेला 'ऊर्जा' जास्त असते म्हणजे नेमकं काय जास्त असतं? समुद्राला भरती येते, माणसाच्या शरीरात सत्तर टक्के पाणी असतं, वगैरे ऐकवणार असाल तर आधीच कोपरापासून नमस्कार.

दुर्बीण

खडूसशेठ, तो युक्तिवाद पेगन मंडळींनीच आधी सोडून द्यावा असं माझं मत आहे. भरती येते ती चंद्राची ओढ पृथ्वीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या बाजूला कमीजास्त असते म्हणून. हजारो किलोमीटर पसरलेल्या समुद्रात हा फरक जाणवतो. उत्तर अमेरिकेतल्या ग्रेट लेक्ससारख्या अवाढव्य सरोवरांतसुद्धा ही भरती पाच सेंटिमीटरच्या आत असते. माणसाच्या अंगातल्या पाण्याची काय कथा!

दुसरं म्हणजे, मोठी भरती पौर्णिमेइतकीच अमावास्येलाही येते. भरती हाच निकष धरला तर दोन्ही दिवस सारखेच 'बलवान' ठरतात आणि पौर्णिमेचं वेगळेपण उरत नाही. वेगळेपण आहे ते उजेडाचं. विजेच्या दिव्यांआधी महिन्यातल्या मोजक्याच रात्री अशा असायच्या, की माणसं अंधार पडल्यावर निर्धास्त बाहेर पडून कुठेतरी जमू शकत. पौर्णिमेला बैठक ठेवायला एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

रानजाई

+१. आणि मी 'ऊर्जा' हा शब्द वापरलेलाच नाही, खडूस. तुम्ही तो घरून घेऊन आलात.

खडूस

हलके घ्या. पण मग 'काम' करता ते कशाच्या जोरावर?

कोरांटी

याचं उत्तर प्रत्येक जण वेगळं देईल. मी एका कोव्हेनमध्ये, म्हणजे विक्का साधकांच्या छोट्या गटात आहे, आमचं सांगते. बाहेर न सांगण्याची शपथ आहे तो भाग सोडून.

आमच्याकडे पौर्णिमेचा गाभा म्हणजे 'चंद्र उतरवणं'. वर्तुळ आखून झालं की पुरोहित पुरोहितेच्या ठायी देवीला आवाहन करतो. त्यानंतर ती जे बोलते ते देवीचं बोलणं मानलं जातं. कधी ठरलेलं पाठांतर असतं, कधी तिला आतून जे सुचेल ते. बाहेरून बघणाऱ्याला नाटक वाटेल. आत उभं राहिलं की वेगळं वाटतं, पण ते लिहून पटवता येणार नाही, त्यामुळे त्या फंदात पडत नाही. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे, की तीच सातआठ माणसं दर महिन्याला भेटतात. गेल्या पौर्णिमेला ज्याच्यासाठी मागितलं त्याचं पुढे काय झालं, हे पुढच्या वेळी विचारलंच जातं. एकट्याने करताना ही विचारपूस कोण करणार?

आणि रानजाई, तक्त्यांवर जरा जास्तच तुटून पडलात. नवीन माणसाला हाताला धरायला काहीतरी लागतं.

रानजाई

लागतं, मान्य. फक्त त्या तक्त्याला 'प्राचीन ज्ञान' म्हणून विकू नये.

जुनाबाजार

इथे तोंड घालतो, कारण 'प्राचीन' शब्द आला.

वाढत्या चंद्रात वाढीची कामं आणि उतरत्या चंद्रात घटवण्याची, हा विचार खरोखर जुना आहे. इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकातला रोमन केटो शेतीविषयी लिहिताना, लाकूड उतरत्या चंद्रात तोडा असं सांगतो. अशी लोकसमजूत युरोपभर होती. पण आठ कलांना माणसाच्या मनाच्या आठ अवस्था जोडणं हे विसाव्या शतकातल्या ज्योतिषाचं देणं आहे. त्यात डेन रुध्यार हे नाव मोठं.

'एस्बॅट' हा शब्द या अर्थाने रुळला तो मार्गारेट मरे यांच्या १९२१ च्या ग्रंथानंतर. युरोपातल्या चेटकिणी म्हणजे एका छुप्या जुन्या धर्माच्या अनुयायी, हा त्यांचा सिद्धांत इतिहासकारांनी केव्हाच निकालात काढला. शब्द मात्र राहिला. इंग्लंडमधला १७३५ चा चेटूकविरोधी कायदा १९५१ मध्ये रद्द झाला, तेव्हा विक्काचे प्रवर्तक जेराल्ड गार्डनर उघडपणे पुढे आले आणि विक्का जगाला कळला. कोरांटी म्हणताहेत ते पाठांतर बहुतेक गार्डनर यांच्या कोव्हेनमधल्या पुरोहिता डोरीन व्हॅलिएंट यांनी घडवलेलं असणार. त्यातला महिन्यातून एकदा, शक्यतो पौर्णिमेला जमा, हा भाग चार्ल्स लेलंड या अमेरिकन लोकसाहित्य-अभ्यासकाच्या १८९९ च्या पुस्तकावरून आलाय. कुमारी, माता आणि वृद्धा म्हणजे चंद्राच्या तीन अवस्था, ही त्रिमूर्ती आज सगळीकडे दिसते. तिला हे रूप रॉबर्ट ग्रेव्हज या कवीने १९४८ मध्ये दिलं. ग्रीक देवी हेकाटी तीन रूपांत दाखवली जायची हे खरं, पण तिची ती तीन रूपं म्हणजे तीन वयं नव्हेत.

चंद्र म्हणजे देवीच, हेही सर्वत्र नाही. नॉर्स लोकांचा मानी पुरुष, मेसोपोटेमियाचा सिन पुरुष, इजिप्तचा खोन्सू पुरुष.

अवांतर : 'चंद्र उतरवणं' ही कल्पना मात्र अस्सल जुनी. ग्रीकांमध्ये थेसलीच्या चेटकिणींची त्याबद्दल ख्याती होती. अ‍ॅरिस्टोफेनीसच्या इ.स.पू. ४२३ च्या एका नाटकात कर्जाने गांजलेला म्हातारा युक्ती काढतो, की थेसलीची चेटकीण विकत घ्यायची, चंद्र खाली उतरवायचा आणि पेटीत कोंडून ठेवायचा. का, तर व्याज महिन्यावर आकारतात. चंद्रच उगवला नाही तर महिना संपणार नाही आणि सावकाराला हात हलवत परत जावं लागेल! चंद्राचा याहून व्यवहारी उपयोग मी अजून वाचलेला नाही.

कोरांटी

हे आमच्या पुढच्या बैठकीत सांगणार.

खडूस

म्हणजे जेमतेम सत्तर-ऐंशी वर्षांचा धर्म, आणि आव प्राचीनतेचा. मग करायचंच कशाला?

जुनाबाजार

आव काही जणांचा. रोनाल्ड हटनसारख्या इतिहासकारांनी ही सगळी घडण उलगडून दाखवली, तेव्हा बऱ्याच पेगन लोकांनी ती वाचली, पचवली आणि एस्बॅट चालू ठेवले. वयावरून विधी खरा-खोटा ठरवायचा असेल तर प्रत्येक धर्माला कधी ना कधी पहिलं वर्ष होतंच की.

अथेनाचं घुबड

पेगन म्हणजे फक्त विक्का नव्हे हो. मी हेलेनिक, म्हणजे प्राचीन ग्रीक देवांना मानणारी, बहुदेववादी आहे, आमच्याकडे पौर्णिमेपेक्षा महिन्याचा सांधा मोठा.

चांद्रमासाचा शेवटचा दिवस हेकाटीचा, त्याला डाइप्नॉन म्हणतात. त्या दिवशी घर झाडायचं, देवघरातलं शिळं काढायचं, उधारी चुकवायची. रात्री हेकाटीसाठी काढलेलं जेवण तिठ्यावर ठेवायचं आणि मागे वळून न बघता परतायचं. पूर्वी ते जेवण गोरगरीब खात, तसा उल्लेख आहे. म्हणून आजकाल बरेच जण तेवढा शिधा गरजूंना देतात. मीही तेच करते, कारण रस्त्यावर अन्न टाकलं की कुत्री आणि नगरपालिका दोन्ही मागे लागतात.

दुसऱ्या दिवशी नुमेनिया, म्हणजे नवा महिना. धूप, मध, घरातल्या देवांना फुलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी घराच्या रक्षक सर्पाचा, अगाथॉस डायमॉनचा मान. तिसरा अथेनाचा, चौथा हर्मीस आणि अ‍ॅफ्रोडायटीचा, सहावा आर्टेमिसचा, सातवा अपोलोचा, आठवा पोसायडनचा. म्हणजे महिन्याचा पहिला आठवडा भरगच्च आणि पौर्णिमा तुलनेने निवांत. 'चंद्र पाळता म्हणजे पौर्णिमेला काय करता?' असं कुणी विचारलं की मी झोपते असं सांगते.

रानजाई

हे फार आवडलं. सहाव्या दिवसाचं महत्त्व ड्रुइडांकडेही, म्हणजे प्राचीन केल्टिक पुरोहितांकडेही, आहे ना?

जुनाबाजार

हो. थोरला प्लिनी हा रोमन लेखक लिहितो, की ड्रुइड लोक चंद्राच्या सहाव्या दिवशी ओकवर चढून सोन्याच्या कोयत्याने बांडगूळ कापत, खाली पांढऱ्या वस्त्रात झेलत आणि दोन पांढरे बैल बळी देत. त्यांचे महिने आणि वर्षं याच सहाव्या दिवसापासून सुरू होत, असंही तो म्हणतो. फ्रान्समध्ये कोलिनी इथे १८९७ मध्ये पितळेच्या जातीच्या धातूवर, म्हणजे ब्राँझवर, कोरलेल्या पंचांगाचे तुकडे सापडले. गॉल, म्हणजे प्राचीन फ्रान्समधल्या केल्टिक लोकांचं चांद्र-सौर पंचांग, पाच वर्षांत बासष्ट महिने, म्हणजे साठ अधिक दोन अधिकमास. प्रत्येक महिन्याचे दोन भाग पाडलेले. आजचे काही ड्रुइड त्यावरून आपलं पंचांग बांधतात. पण महिना नेमका कुठल्या कलेपासून सुरू होतो यावर त्यांच्यात इतकी भांडणं आहेत की विचारू नका.

जर्मन टोळ्यांबद्दल रोमन इतिहासकार टॅसिटस सांगतो, की सभा अमावास्येला किंवा पौर्णिमेला भरत आणि ते दिवस मोजत नसत, रात्री मोजत. हीदन मंडळी, म्हणजे जुन्या जर्मन-नॉर्स देवांना मानणारे आजचे पेगन, हे हमखास ऐकवतात.

दक्षिणायन

माझी गंमत वेगळीच. मी दक्षिण गोलार्धात राहते. पुस्तकं सगळी उत्तरेकडची. सॅबट तर सहा महिन्यांनी उलटे करून घेतले, ते सगळेच करतात. एस्बॅट उलटे करता येत नाहीत, पौर्णिमा जगभर एकाच क्षणी. पण चंद्र आम्हाला उलटा दिसतो! उत्तरेत वाढता चंद्र उजवीकडून उजळतो, इथे डावीकडून. विक्काचं ते प्रसिद्ध चिन्ह आहे ना, मधे पूर्ण चंद्र आणि दोन्ही बाजूंना शिंगं बाहेर केलेल्या कोरी? उत्तरेत ते डावीकडून वाचलं की वाढता, पूर्ण, उतरता असा क्रम लागतो. मी माझ्या आकाशाप्रमाणे वाचलं की आधी वृद्धा, मग माता, शेवटी कुमारी.

पौर्णिमांची नावंही अशीच. फेब्रुवारीतल्या पौर्णिमेला 'हिमचंद्र' म्हणायचं आणि घामाच्या धारा पुसायच्या. ती नावं अमेरिकेतल्या शेतकऱ्यांच्या पंचांगांनी लोकप्रिय केली, काही तिथल्या मूळ रहिवाशांची, काही वसाहतवाल्यांची. माझ्या अंगणात जे फुलतं-गळतं त्यावरून मी माझी नावं ठेवलीत.

दुर्बीण

उजवं-डावं हा नियम विषुववृत्ताजवळच्या लोकांनाही दगा देतो. तिथे कोर होडीसारखी आडवी असते. सगळीकडे चालणारी खूण हवी असेल तर बाजू बघू नका, वेळ बघा. सूर्य मावळताना कोर पश्चिमेला दिसली तर चंद्र वाढता. पहाटे सूर्याच्या आधी पूर्वेला उगवली तर उतरता. वाढता अर्धा चंद्र साधारण दुपारी उगवतो, पूर्ण चंद्र सूर्यास्ताला, उतरता अर्धा मध्यरात्रीच्या सुमारास. रोज सरासरी पन्नासेक मिनिटं उशीर.

म्हणूनच उतरत्या चंद्राची साधना बहुतेकांकडून सुटते. 'वाईट सवयी घालवायला उतरता चंद्र' असं लिहितात सगळे, पण तो बघायला पहाटे चारला उठावं लागतं, आणि तिथेच घोडं पेंड खातं.

खडूस

पहाटे चारला उठणं ही वाईट सवयच नाही का?

कोरी पाटी

नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. गेल्याच महिन्यात सुरुवात केलीय, म्हणून बाळबोध प्रश्न. १) पौर्णिमेचा नेमका क्षण दुपारी येत असेल तर कुठली रात्र धरायची? २) 'न्यू मून' आणि 'डार्क मून' एकच का? ३) चंद्र 'व्हॉइड ऑफ कोर्स' असताना काहीही करू नये म्हणतात, खरं का? ४) ढग असतील तर?

कोरांटी

१) आदल्या आणि नंतरच्या रात्रीपैकी क्षणाला जवळची. पण आम्ही चक्क सगळ्यांना सोयीचा शनिवार बघतो, दोनेक दिवस इकडेतिकडे चालवून घेतो. कुणावर देवी रुसल्याचं ऐकिवात नाही.

दुर्बीण

जोडतो. एक दिवस अलीकडे-पलीकडे झाला तरी बिंबाचा ९८ टक्क्यांच्या वर भाग उजळलेला असतो, नुसत्या डोळ्यांना फरक कळणं कठीण.

२) खगोलशास्त्रात न्यू मून म्हणजे चंद्र सूर्याच्या दिशेला असतो तो क्षण, तेव्हा काहीच दिसत नाही. बरेच पेगन त्या न दिसणाऱ्या दिवसांना डार्क मून म्हणतात आणि पहिल्या कोरीला न्यू मून. अ‍ॅपमध्ये पहिला अर्थ असतो. पहिली कोर साधारण दीड-दोन दिवसांनी नीट दिसते, चोवीस तासांच्या आतली दिसली तर नशीब काढलंत. आकाश स्वच्छ असेल तर कोरीच्या कुशीत चंद्राचा उरलेला गोळाही राखाडी दिसतो. पृथ्वीवरून परावर्तित झालेला उजेड तिकडे पोचतो म्हणून. दुर्बीण नसली तरी चालतं.

अथेनाचं घुबड

आमची नुमेनियाही अशीच, पहिल्या कोरीची. प्राचीन अथेन्सवाले महिना बदलायला मोबाइलकडे नव्हते बघत.

जुनाबाजार

३) राशी बदलण्याआधी चंद्राचा कुठल्याही ग्रहाशी मोठा दृष्टियोग (ठरावीक अंशांचा कोन) उरला नसेल तर त्या काळाला तसं म्हणतात. ही ज्योतिषातली संज्ञा आहे. चंद्र साधारण अडीच दिवसांनी राशी बदलतो, त्यामुळे हा प्रकार महिन्यातून बारा-तेरा वेळा येतो, कधी मिनिटांचा, कधी दिवसभराचा. ज्योतिष मानत असाल तर बघा. पेगन असण्यासाठी ते मानलंच पाहिजे असं नाही. 'सुपरमून'ही असाच, १९७९ मध्ये रिचर्ड नोल या ज्योतिष्याने काढलेला शब्द. आणि एका इंग्रजी महिन्यातली दुसरी पौर्णिमा म्हणजे 'ब्लू मून', ही व्याख्या तर १९४६ मध्ये एका अमेरिकन खगोल मासिकातल्या चुकीतून आली. त्याआधी पंचांगात एका ऋतूत चार पौर्णिमा आल्या तर तिसरीला ते नाव देत.

कोरांटी

ब्लू मूनला आम्ही खास बैठक घेतो आणि घेत राहणार, चूक तर चूक.

रानजाई

४) ढगांचं मी सांगते. वहीत 'ढग' लिहायचं. ते गाळू नका, नाहीतर वही खोटी होते. चंद्र कुठल्या दिशेला असायला हवा हे चारपाच रात्री बघितल्यावर अंदाजाने कळायला लागतं, त्या दिशेला तोंड करून बसा. पाण्याच्या भांड्याचा विधी अशा वेळी मी करत नाही, पाण्यात बल्बच दिसतो.

कोरी पाटी

खूप आभार सगळ्यांचे. आणखी एक, शेवटचं. ग्रहण आलं तर? काही ठिकाणी वाचलं की चंद्रग्रहणात एका रात्रीत सगळ्या कला होऊन जातात, म्हणून महिन्याचं काम एकदम उरकता येतं.

दुर्बीण

दिसायला तसं दिसतं, पण ती पृथ्वीची सावली असते, कला नव्हेत. सावलीची कड नीट बघा, कुठल्याही कोनातून गोलच असते. कलेच्या वेळी उजेड-अंधाराची सीमा तशी नसते. खग्रास झालं की चंद्र काळा होत नाही, तांबूस होतो, कारण पृथ्वीच्या वातावरणातून वळलेला लाल उजेड तिथपर्यंत जातो.

कोरांटी

आमच्यात यावर दोन तट आहेत. निम्मे म्हणतात जोरदार काम करा, निम्मे म्हणतात वर्तुळच आखू नका, नुसतं बघा. गेल्या वेळी दुसरा तट जिंकला, कारण थंडी होती.

रानजाई

मी दुसऱ्या तटात. कोरी पाटी, चंद्रग्रहण नुसत्या डोळ्यांनी बघायला काही धोका नाही, पण चालतं तासन्‌तास. बसायला सतरंजी आणि अंगावर घ्यायला काहीतरी ठेवा. मेणबत्ती लावणार असाल तर काचेच्या बरणीत लावा, वाऱ्यात टिकत नाही. आणि ती पाठीमागे ठेवा, समोर असली की डोळे अंधाराला सरावत नाहीत.